तेच पाणी

मोटारीचा आवाज बदलला तेव्हा कुबात नानचा तुकडा चहात बुडवत होता. नीट चालली की ती एका सुरात भणभणायची, आणि पाळीवरचा माणूस तिला विसरूनही जायचा. आता ती घरघरायला लागली, मध्येच गुदमरायला लागली. कुबातनं तुकडा तसाच डब्यात टाकला, बटण दाबून मोटार बंद केली आणि गमबुटातले पाय पाण्यात घातले. कमरेत कळ आली. रशियात सिमेंटची पोती वाहून लागलेली ही कळ, गार पाणी लागलं की हटकून जागी व्हायची.

उंगुर गावाच्या डोक्यावरच्या डोंगरात खाणीचं तोंड होतं. तिथून तिरपा बोगदा गावाच्या शेतांखाली उतरत जायचा आणि त्याला एकाखाली एक मजले फुटलेले. वरचे दोन मजले कोरडे. तिसऱ्यावर, कुबात उभा होता तिथं, पाणी सुरू व्हायचं. आणि सोनं होतं पाचव्यावर. जुनं सोव्हिएत राज्य बुडालं तेव्हा वीज तुटली, मोटारी थांबल्या, आणि सोन्याची शीर जिथं नुकती हाताला लागली होती तिथं पाणी चढलं ते चढलंच. पुढं कित्येक वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. मग बिश्केकहून एक कंपनी आली. कंपनी म्हणजे एक साहेब, दोन जुन्या मोटारी आणि गावातलीच रिकामी माणसं. पहिल्या उन्हाळ्यात तिनं पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरवलं. तिथं ते हटून बसलं. दुसरा उन्हाळा अर्धा सरला तरी ते बोटभर हलायला तयार नव्हतं.

कुबातनं नळाच्या पाण्यातल्या तोंडाची जाळी वर ओढली. नेहमीचाच गाळ, कुजलेल्या लाकडाच्या ढलप्या. हातानं तो जाळी पुसत गेला आणि बोटाला काहीतरी मऊ लागलं. डोक्यावरच्या बत्तीच्या उजेडात त्यानं ते धरून पाहिलं. पान होतं. हिरवंगार, खरखरीत, देठाशी पांढरं फूल चिकटलेलं. घेवड्याचं पान.

अख्खं उंगुर घेवड्यावर जगत होतं, त्यामुळे पान ओळखायला त्याला वेळ लागला नाही. ते इथं कुठून आलं हेही त्याला त्याच क्षणी कळलं. कळलं म्हणूनच त्यानं ते टोपीच्या आत दडवलं.

"मोटार का बंद?" वरून आवाज आला. मेदेत एर्किनोविच, कंपनीचा साहेब, एका हातानं दोर धरून बोगदा उतरत होता. पोट सुटलेला, पण खाणीत उतरायला न लाजणारा माणूस.

"जाळी तुंबली हुती."

मेदेतनं भिंतीवरची खडूची रेघ पाहिली. पाणी रेघेला चिकटून होतं. "दोन मोटारी, रात्रंदिवस, आणि रेघ जिथल्या तिथं. या डोंगराच्या पोटात समुद्र आहे का रे?"

कुबातनं जाळी पुन्हा नळाला बसवली. टोपीतलं पान त्याला कपाळाला ओलं लागत होतं.

"महिनाअखेरीला अल्माटीहून पाहुणे येतायत. त्यांनी मनावर घेतलं तर खाण उभी राहते. पण चौथा मजला तरी उघडा दाखवायला हवा. पाणी बघून कोण पैसा घालतो?"

"आणि न्हाई दाखवता आला तर?"

"तर काय! मोटारी ट्रकवर चढवायच्या. मी माझ्या मेव्हण्याच्या दुकानात टायर विकीन आणि तू पुन्हा रशियाला जाशील."

मेदेत हसला. कुबातला हसू आलं नाही. सात वर्षं तो रशियात होता. आई गेल्याचा फोन आला तेव्हा तो नोवोसिबिर्स्कमध्ये अकराव्या मजल्यावर सिमेंट कालवत होता. बर्फामुळे विमानं बंद. उंगुरमध्ये माणूस गेलं की पोरगा काठीवर रेलून घराबाहेर उभा राहतो आणि मोठ्यानं हाक मारून रडतो. ती हाक ऐकली की हातातलं काम टाकून गाव धावत येतं. कुबातच्या आईसाठी ती काठी शेजारच्या इसाकनं धरली. कुबात पोचला तेव्हा कबरीच्या मातीवरसुद्धा बर्फ बसला होता. त्यानं त्या दिवशी मनाशी गाठ मारली की वडलांच्या, आबांच्या वेळी काठी माझ्या हातात असेल. त्यानंतर खाणीत काम निघालं आणि तो घरी राहिला. आबा आता सत्तरीच्या पलीकडे होते, आणि हिवाळा आला की छातीत शिट्टी वाजायची.

पाळी संपल्यावर तो घरी न जाता सरळ शेतात गेला.

त्या वर्षी डोंगरावर बर्फच पडला नव्हता. नदी म्हणजे नुसते दगड. पाटाला वाहत होतं ते फक्त खाणीतून उपसलेलं पाणी, आणि त्याच्यावर गावातल्या घेवड्याचा जीव टांगलेला. हे पाणी गावाला मिळालं त्यामागं मेदेतचाच शब्द होता. पहिल्यांदा मोटार सुरू झाली त्या दिवशी नळाच्या तोंडाशी मेंढा कापला. साहेबाला मानाचं मुंडकं वाढलं. मुंडक्याचा कान चाखता चाखता, दोन पेले पोटात गेल्यावर साहेब म्हणाला, "आमची मोटार चालेल तोवर हे पाणी गावाचं!" लगेच कुबातच्या आबांनी, ओमुर्झाकांनी, दोन्ही तळहात आभाळाकडे उघडले आणि त्या शब्दावर बाता दिली. सगळ्यांनी तळहात तोंडावरून फिरवले. बाता म्हणजे वडीलधाऱ्याचा आशीर्वाद, आणि बाता मिळालेला शब्द मोडायचा नसतो. बायकांनी नळाशेजारच्या झुडपाला चिंध्या बांधल्या. खाणीच्या सांडपाण्याचं असं गावाचं तीर्थ झालं.

शेतात त्याची बायको उलजान दारं धरत होती. सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, फावड्यानं ती एका सरीचं तोंड बांधून दुसरीचं फोडत होती.

"पानी कुठं मुरतंय का गं?" कुबातनं विचारलं.

उलजाननं फावडं थांबवलं. "कोन म्हनलं तुमाला?"

त्यानं टोपी काढली आणि पान दाखवलं. "खाणीत सापडलं. जाळीत."

तिनं पान हातात घेऊन उलटसुलट केलं. मग ती बांधाच्या खालच्या कोपऱ्याकडे चालायला लागली. तिथं पॉप्लरच्या झाडाच्या बुडाशी खळगा होता. सरीतलं पाणी तिथं यायचं, एक गिरकी घ्यायचं आणि दिसेनासं व्हायचं.

"गेल्या सालापासनं पितंय," ती म्हणाली. "मला वाटलं उंदराचं बीळ. दगड घातलं, काटक्या घातल्या, गाडीभर शेण घातलं. हितं बुजलं की चार हातांवर उघडतंय. खालच्या समद्यांच्या शेतांत हीच गत हाय. इसाकची बायकू म्हनली, बोलू नगंस, न्हाईतर माजा नवरा पान्याची पाळी तोडंल."

शेतांखालचा डोंगर जुन्या खाणीनं पोखरलेला होता. पाटाचं पाणी घेवड्याच्या मुळाशी थोडं थांबत होतं आणि उरलेलं पोकळीतून परत खाणीत. कुबात उकिडवा बसला. आपण दोन उन्हाळे काय उपसतोय ते त्याला दिसलं.

"साहेबाला सांगनार?"

"सांगितलं तर त्यो पाट बंद करंल. गावाचा घेवडा जळंल. आणि कुनी जाळला? ओमुर्झाकच्या पोरानं. उद्या आबांचं काय झालं तर खांदा द्यायला कुत्रं तरी यील का?"

"आणि न सांगितलं तर?"

"तर मी रशियाला."

उलजाननं डोईच्या रुमालानं मान पुसली. "आधी खात्री तर करा. पान काय, वाऱ्यानंबी पडलं आसंल."

पान वाऱ्यानं बोगद्यात तीन मजले उतरत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. पण अडकलेल्या माणसाला खात्री करून बघायची फार हौस असते; तेवढाच निर्णय लांबतो. उलजान लोकर दाबून जाड नमदे करायची, आणि लोकरीला द्यायचा लाल रंग तिच्याकडे पिशवीभर होता. अंधार पडायच्या आत तिनं तो सगळा बादलीत कालवला आणि दोघांनी तो खळग्यात ओतला. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले. राखेनं घासले, ताकानं घासले, रंग काही निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मोटारीजवळच्या पाण्यात आधी एक लाल दोरा दिसला. मग तो रुंद झाला, मग पसरला, आणि कुबातच्या गमबुटांभोवती पाणी बीट उकळल्यासारखं झालं. खरंच होतं! इतके दिवस जे कुणाला सापडलं नाही ते आपल्याला सापडलं म्हणून तो क्षणभर सुखावलासुद्धा. मग मोटारीच्या भणभणाटाकडे त्याचं लक्ष गेलं. ती ते लाल पाणी गटागटा पीत होती आणि नळानं वर पाठवत होती. वर, झुडपाच्या चिंध्यांपाशी, आणि तिथून पाटानं साऱ्या गावात. रंग टाकताना दोन शहाण्या माणसांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

त्यानं बटण दाबलं. उशीर झाला होता.

बोगदा चढून तो बाहेर आला तर अर्धं गाव नळाच्या तोंडाशी. म्हाताऱ्या तोंडाला हात लावून उभ्या. पाट लालभडक. एका बाईनं तर घागर भरून घरी नेऊन मग पाहिलं होतं आणि ती घागर तशीच परत घेऊन आली होती. गर्दीच्या पुढं इसाक होता. गावाच्या पाण्याच्या पाळ्या तो ठरवायचा, गावाचा पाटकरी. उंच, हाडकुळा, कुबातपेक्षा दहा वर्षांनी मोठा.

"हे रगत हाय," एक म्हातारी म्हणाली. "बाता दिलेल्या पान्याला कुनीतरी बाटवलं."

"रक्त कसलं? लोखंड असेल, गंज असेल," मेदेत घाम पुसत सांगत होता. त्याला वेगळीच धास्ती. जिल्ह्याहून तपासणीवाले आले तर उद्याच टाळं लागायचं.

"गंज काल का न्हवता?" इसाक म्हणाला. "कुनीतरी मुद्दाम केलंय. ओमुर्झाकआबा, बाता तुमी दिली हुती. ज्यानं केलं त्याच्यावर आता उलटी बाता बी तुमीच द्या."

 उलटी बाता कुणी सहसा द्यायचं नाही. आशीर्वादाला तळहात आभाळाकडे असतात. उलट्या बातेला हातांच्या पाठी वर होतात, आणि ज्याच्यावर ती पडते त्याचं घर बसतं असं लहान पोरालाही ठाऊक असतं.

ओमुर्झाक नळाशेजारच्या दगडावर बसले होते. डोक्यावर पांढरी नमद्याची उंच टोपी, हातात वाकडी काठी. ते हळूहळू उठले. काठी त्यांनी दगडाला टेकवून ठेवली. दोन्ही हात छातीपुढं आले, तळहात वर. म्हाताऱ्याची नजर गर्दीवरून फिरत बायकांच्या घोळक्यावर गेली आणि तिथं थांबली. उलजान तिथं उभी होती. भर उन्हाळ्यात तिनं बाह्या बोटांच्या पुढं ओढून घेतल्या होत्या. सकाळी सासऱ्याला चहाचा वाडगा देतानाही तिनं असंच केलं होतं. पण वाडगा देताना बोटं दिसतातच. कुबातनं आबांची नजर कुठं थांबली ते पाहिलं.

म्हाताऱ्याचे हात तसेच राहिले. तळहात वळेनात आणि खालीही येईनात. 

"द्या की," कुणीतरी म्हणालं.

"आबा, हात खाली घ्या," कुबात म्हणाला. त्याचाच आवाज त्याला परका वाटला. "रंग मी टाकला. नमद्याचा रंग हाय. रगत न्हाई न् काय न्हाई."

"कशापायी?" इसाक.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. पान, खळगा, पोखरलेला डोंगर. "तेच पानी हाय," तो म्हणाला. "आपन शेताला देतो, ते खाली उतरतं. खालनं उपसतो, ते शेताला देतो. दोन उन्हाळं झालं, आपन तेच पानी फिरवतोय."

मेदेत आधी हसला. मग त्यानं मटकन बसून डोकं धरलं. "दोन उन्हाळे! आणि मी त्याचं विजेचं बिल भरतोय!" तसाच तो उठला. "ऐका. नळ पलीकडच्या ओढ्यात सोडू. तिकडं खाली पोकळी नाही. पंधरा दिवस फक्त. पाहुणे येऊन गेले की पाणी परत तुमचं."

"घेवडा फुलात हाय, साहेब," इसाक म्हणाला. "पंधरा दिवसांनी पानी काय मढ्याला पाजू?"

"खाण उभी राहिली तर गावातल्या प्रत्येक घरात पगार येईल."

"राहिली तर! आज ताटात हाय ते ओतून द्या, उद्या पुलाव देतो म्हनं. मुंडक्याचा कान खाताना शब्द दिला न्हवं? गोड लागला न्हवं कान?"

मेदेत ओमुर्झाकांकडे वळला. "अक्साकाल, तुम्ही गावाचे वडीलधारे, बाता तुमची आहे. तुम्हीच मोकळं करा."

म्हाताऱ्यानं काठी पुन्हा हातात घेतली होती. तो मुलाकडे बघत होता. मुलगा गावात राहायचा तर आपल्या ‘मोकळं केलं’ या एका वाक्यावर राहणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण तो म्हणाला, "थुकलेली थुकी तोंडात परत घेत न्हाईत, साहेब."

दुसऱ्या दिवशी मेदेतनं कुबातच्या हातात मोठा पाना दिला आणि नळ फिरवायला पाठवलं. कुबात गेला. नळावर इसाकची बायको बसली होती, तिच्याशेजारी आणखी तिघी, मध्ये किटली आणि नान. बसायला त्यांनी घरून चटया आणल्या होत्या.

"ये की," इसाकची बायको म्हणाली. "चालीव पाना. आधी माज्या मांडीवर चालीव. तुज्या आईला शेवटची आंघूळ मीच घातली हुती, आता मला बी घाल."

बाकीच्या हसल्या. कुबात पाना घेऊन उन्हात थोडा वेळ उभा राहिला. पाना जड होता आणि तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी तो खांद्यावर टाकून परत आला. मेदेतनं दुसऱ्यांना सांगून पाहिलं. ते सगळे त्याच बायकांचे नवरे आणि पोरं.

त्या दिवसापासून ओमुर्झाकांच्या घराकडे गावानं पाठ केली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. उलजान आळीतल्या सामाईक तंदुराशी कणीक घेऊन गेली की बायका म्हणायच्या, विस्तव निवला गं. तिच्या पाळीच्या दिवशी इसाक दुसऱ्याच्याच शेतात दारं फोडून ठेवायचा. एका घरी बारसं झालं, मांस सगळ्या गल्लीत वाटलं, यांच्या दारावरून पातेलं पुढं गेलं. ओमुर्झाक संध्याकाळी नेहमीसारखे घरातल्या ओट्यावर बसायचे, शेजारी रिकामी गादी घालून. तिच्यावर कुणी येऊन बसलं नाही.

पाहुणे आले. दोघं होते, बूट नवे. तिसऱ्या मजल्यावर येऊन त्यांनी पाण्यावर बत्ती मारली. रेघ जिथल्या तिथं होती. एकानं पाण्यात खडा टाकला, डुबुक आवाज ऐकला आणि वर चला म्हणाला. वर मेदेतनं मेंढा कापला होता. त्यांनी तो खाल्ला, चव छान आहे म्हणाले, आणि दुपारच्या आत निघून गेले.

मेदेत बोगद्यात उतरला. "दाब," तो कुबातला म्हणाला.

"तुमीच दाबा."

"माझ्यानं होत नाही रे."

कुबातनं बटण दाबलं. मोटारीचा आवाज बारीक होत थांबला. मग कुठंतरी आत, पाचव्या मजल्याच्या अंगाला, पाणी ठिबकताना ऐकू यायला लागलं. दोघं ते ऐकत उभे राहिले.

मोटारी ट्रकवर चढल्या. पाट आठवड्यात सुकला आणि घेवडा शेंगा धरता धरता पिवळा पडला. कंपनीला शिव्या देऊन काय उपयोग, ती तर गेली. साहेबाला द्याव्यात तर तोही गेला. शिव्या द्यायला जवळ कुबात होता. रंग टाकला नसता तर मोटार चालू राहिली असती, असं गाव म्हणायला लागलं. मोटार तशीही बंद व्हायचीच होती हे सांगायला कुबात गेला नाही. बुडालेल्या माणसाला हिशेब सांगू नये एवढं त्याला कळत होतं.

रशियाला जायचा दिवस ठरला. तालास शहरातून गाडी सकाळी गावात येणार होती. उलजाननं पिशवी भरली, लोकरीचे मोजे वर ठेवले. तिच्या हातांचा रंग आता गुलाबी झाला होता. रीतीप्रमाणे तिनं कोरा नान पुढं केला. प्रवासाला जाणाऱ्यानं त्याचा एक घास तोडायचा; उरलेला खुंटीला टांगून ठेवतात, तो परत येऊन संपवेल म्हणून. कुबातनं घास तोडला. उलजाननं उरलेला खुंटीला टांगला.

"आबा," तो ओट्यापाशी जाऊन म्हणाला. पुढचं त्याला सुचत नव्हतं.

ओमुर्झाक चहा पीत होते. त्यांनी वाडगा खाली ठेवला, गादीच्या मागं हात घातला आणि एक काठी काढली. नवीन होती, विलोच्या झाडाची, साल काढून गुळगुळीत केलेली. कुबातच्या मापाची.

"ही धर."

"कशाला?"

"भाईर दाराशी हुबा ऱ्हा. आनि हाक मार."

कुबातला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तो मागं सरला. "आबा! जित्या मानसाची—"

"मेल्यावर मला ऐकू येनार हाय का?" म्हातारा म्हणाला. "तुज्या आयसाठी तू रडलास का न्हाई, तिला काय ठावं? माजी हाक मला ऐकायची हाय. तू तिकडं अकराव्या मजल्यावर आसशील. मार हाक."

"मामंजी, अपशकुन हुतो," उलजान दारातून म्हणाली. सासऱ्यापुढं ती कधी आवाज काढायची नाही.

"व्हायचं ते झालंय पोरी. आता काय उरलंय शकुनाला?"

कुबात काठी घेऊन बाहेर गेला. अंगणात उन्ह पडलं होतं. पाट कोरडा, त्यात कोंबड्या उकरत होत्या. काठीवर रेलून उभं कसं राहायचं हे त्यानं लहानपणापासून शंभरदा पाहिलं होतं, पण स्वतः कधी राहिला नव्हता. त्यानं दोन्ही हात काठीच्या टोकावर ठेवले आणि कंबर वाकवली. नेहमीची कळ आली. तोंड उघडलं तर आवाज फुटेना.

"मोट्यानं," आतून म्हातारा म्हणाला.

"आबाऽ!" तो म्हणाला. मग पुन्हा, "आबाऽऽ! माज्या आबाऽऽ!" आणि तिसऱ्या हाकेला त्याचा बांध फुटला. आईची राहिलेली हाक, खाणीतला तो लाल दोरा, बायकांपुढं खांद्यावर घेतलेला पाना, पिशवीतले मोजे, सगळं त्या एका हाकेत आलं. तो गुरासारखा ओरडत होता. डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं.

मग त्याला दुसरा आवाज ऐकू आला. गल्लीतून कुणीतरी रडत, धावत येत होतं. "हाय रं माज्या वडलाऽ! कसा सोडून गेलास रंऽ!" इसाक होता. डोक्याला टोपी नाही, एका पायात बूट, दुसरा अनवाणी. त्याच्यामागं त्याची बायको ऊर बडवत, तिच्यामागं पलीकडच्या आळीतले म्हातारे, त्यांच्यामागं बाकीचे. कुणाच्या हाताला कणीक लागलेली, कुणी खुरपं तसंच घेऊन आलेलं. रीत असते तसे सगळे लांबूनच गळा काढत आले. इसाकनं कुबातला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडला. मग डोळे पुसत तो दारातून आत गेला.

आत ओमुर्झाक ओट्यावर बसून चहा पीत होते.

इसाकचं रडणं मध्येच तुटलं. मागचे त्याच्या पाठीवर येऊन आदळले. दारात गर्दी झाली.

"मेला न्हाई व्हय तुमी?" इसाकच्या तोंडून निघालं.

"आजून न्हाई," म्हातारा म्हणाला. तो एकेक चेहरा बघत होता. त्याच्या दाढीवर पाणी ओघळत होतं आणि ते त्यानं पुसलं नाही. "समदी आलासा की रं. मला वाटलं, कुनी याचं न्हाई."

इसाकची बायको फतकल मारून उंबऱ्यात बसली आणि आता खरोखरची रडायला लागली. इसाक मान खाली घालून आपल्या अनवाणी पायाकडे बघत राहिला.

ओमुर्झाकांनी दारातून बाहेर, मुलाकडे पाहिलं. "बघितलंस न्हवं? मानसं येत्यात. जा आता तू बिनघोर."

गल्लीच्या तोंडाशी तालासची गाडी येऊन थांबली होती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. उलजाननं पिशवी अंगणात आणून ठेवली. कुबात अजून तसाच काठीवर ओणवा होता. त्याला सरळ होता येत नव्हतं, आणि हात काठीवरून निघत नव्हते. इसाक बाहेर आला. त्यानं आपला हात कुबातच्या हातांखाली काठीला लावला.

"दे," तो म्हणाला.

कुबातनं मान हलवली.

भोंगा पुन्हा वाजला. "सोड रं, कुबात," इसाक हळूच म्हणाला. "मी धरतो."

कुबातनं काठी सोडली.